पॉवर स्टिअरिंगचा पंप घुंघावते, पुली डोलते. नवा टाकू का हाच बनवू?

तिफणवाला (घाटंजी, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. गाडी २००३ ची, डिझेल, सात सीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहत नाही, मांगच्या धाग्यात त्यावरूनच पोट्टे भांडले अन् माह्या क्लचचं उत्तर राहूनच गेलं.

तं गोष्ट अशी का दिवाळीपासून स्टिअरिंग फिरवलं का समोरून घूंऽऽ आवाज येते, रेस दिली का वाढते, सोडली का कमी होते. सकाळी थंड गाडीत जास्त. पांदणीत गाडी वळवाले गेलो अन् पूर्ण लॉकले नेली, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं, का बेल्ट असा किंचाळते का शेजारच्या वावरातले बैल बुजतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग जड, चालती झाली का बरं. बोनेट उघडून पाह्यलं तं पंपाची पुली सरळ फिरतच नाही, डोलून रायली, अन् बेल्टचा काळा भुगा सगळ्या ब्रॅकेटवर बसला. ऑइलची डबीही सारखी खाली जाते, टॉपअप करत राहा.

तीन मिस्त्र्याइले दाखवली. एक म्हणे पंप गेला, पूर्ण बदला. दुसरा म्हणे पुलीले वेल्डिंग मारून देतो, जनमभर हलत नाही. तिसऱ्यानं काही न बोलता बेल्ट आणखी ताणून देला, चार दिवस गप होता, आता पहिल्यापेक्षा जास्त बोंबलते. नवा पंप तालुक्याले मिळत नाही, यवतमाळच्या दुकानात ऑर्डरवर विचारला तं भाव ऐकून मी तसाच मांगं फिरलो. कापूस अजून घरातच पडून हाय. कोणी हा पंप खोलून बनवला असन तं सांगा, का उगाच डोकं लावण्यात अर्थ नाही?

काळीमाती (दारव्हा)

वेल्डिंग मारा भाऊ. आमच्या जुन्या गाडीले मारली होती, दोन सीझन तूर वाहली तिच्यात. मोकळे व्हा अन् वावर पाहा.

मंद_डिझेल (मूळ अमरावती, सध्या पुणे)

वेल्डिंग वगैरे करू नका प्लीज. हा वेन पंप असतो, आत एक रोटर, त्याच्या खाचांमध्ये सुट्या पाती आणि बाहेर अंडाकृती रिंग. पाती रिंगला घासत फिरतात आणि ऑइल दाबून पुढे ढकलतात. लॉकला नेल्यावर सिस्टिममधला दाब सत्तर-ऐंशी बारपर्यंत सहज जातो, म्हणून बेल्ट नेमका तिथेच किंचाळतो, कारण त्या क्षणी पंपाला सगळ्यात जास्त ताकद लागते. पुली डोलत असेल तर बेअरिंग गेलं असणार, म्हणजे पंप संपला. रीकंडिशन्ड किंवा नवीन घ्या आणि विषय संपवा.

आणि हो, सगळा दोष पंपावर टाकण्याआधी पुढच्या टायरची हवा बघा. हवा कमी असली की उभ्या गाडीत स्टिअरिंग जडच लागतं. पुढची दोन्ही चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून फिरवून बघा. तरीही अडकत असेल तर खालचे बॉल जॉइंट कोरडे झालेत.

लेथ_अन्_लोखंड (वणी)

वेल्डिंगवर नंतर बोलतो. पंप संपला हे पुण्यातून कसं काय दिसलं तेही नंतर.

आधी बेल्ट उतरवा. जुन्या डिझेलमधे स्टिअरिंगचा बेल्ट बहुतेक अलग असते, पण खात्री करा, वॉटर पंप त्याच बेल्टवर नसन तं बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तं रोग पंपाकडं. तसाच राह्यला तं अल्टरनेटरचं नाहीतर वॉटर पंपाचं बेअरिंग पाहा अन् स्टिअरिंगले सोडून द्या.

मंग इंजिन बंद करून पुली दोन्ही हातानं धरा, वरखाली हलवा, बाहेर ओढा, आत ढकला. आता नीट पाहा का हलते कोण. पुली अन् मधला शाफ्ट दोन्ही मिळून हलले तं आतला बुश (शाफ्ट जिच्यात फिरते ती धातूची नळी) नाहीतर बेअरिंग गेलं. शाफ्ट जागेवर अन् पुली त्याच्यावर कट्कट् करते तं नट ढिला झाला अन् चावी (पुली शाफ्टवर घट्ट धरणारा लोखंडी तुकडा) नाहीतर चावीचा गाळा, म्हणजे तिची खाच, खाल्ला गेला. दोन्ही टाइट असून फिरवताना पुलीची कड जवळ-दूर होते तं पुली वाकली. हे शेवटचं डोळ्यानं कळत नसन तं ब्रॅकेटले एक तार बांधा, तिचं टोक पुलीच्या कडेपासून जेमतेम सुटं ठेवा अन् हळूहळू एक फेरा द्या, अंतर बदलते का दिसून जाते.

तिन्ही रोग अलग, तिन्हीचा खर्च अलग. अन् दोन रोग एकाच वेळी असू शकतात हेही लक्षात ठेवा. हे करा अन् मंग इथं लिहा.

आर्वीची_शिक्षिका (आर्वी, जि. वर्धा)

दादा, डबीचं झाकण उघडून बघितलं का? ऑइलमध्ये फेस आहे का ते सांगा.

मी विचारते कारण माझ्या गाडीचा पंप बदलून झाला, पैसे मोजून झाले आणि आवाज जसाच्या तसा. गॅरेजवाल्याचं म्हणणं, नवा पंप रुळायला वेळ लागतो. काही रुळला नाही. शेवटी निघालं काय, तर डबीतून पंपाकडे येतो तो जाड रबरी पाइप क्लॅम्पच्या खाली तडकलेला. खाली थेंब पडत नव्हता म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. त्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. इंजिन चालू असताना तिथून ऑइल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते, हवा पंपात गेली की तो घुंघावतो, आणि सगळे पंपालाच शिव्या घालतात. नवा पाइप आणि दोन क्लॅम्प, एवढ्यात काम झालं.

एक ओळखायची युक्ती, इंजिन चालू असताना डबीतली पातळी बघून ठेवा आणि लगेच बंद करा. बंद केल्यावर पातळी वर चढली तर ऑइलमध्ये हवा मिसळलेली आहे.

काळीमाती (दारव्हा)

म्हणजे म्हशीले दुखणं अन् पखालीले डाग 😄 ताई तुमचा पॉइंट भारी हाय.

तिफणवाला (घाटंजी)

सगळं करून पाह्यलं राजेहो, लिहतो.

टायरची हवा बरोबर हाय, चाकं उचलून फिरवलं तं सरळ फिरते, कुठी अडकत नाही. बेल्ट अलगच निघाला, काढून गाडी चालू केली तं आवाज एकदम गायब. पुली धरून हलवली तं शाफ्टसकट हलते, खेळ बोटाले चांगला जाणवते. अन् वरून पुलीसुद्धा शाफ्टवर किंचित कट् करते. म्हणजे लेथवाले भाऊ म्हणतात तसे दोन रोग एकाच वेळी. मधल्या नटले गोटी पाना लावला तं जोर न लावता फिरला. एवढे दिवस तो तसाच होता.

डबी उघडली. झाकणावर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल) लिहलं हाय अन् आत लाल काहीच राह्यलं नाही, तपकिरी गुलाबी रंग, वर बारीक बुडबुड्याचा थर, जळका वास. ताईनं सांगतल्यासारखं इंजिन बंद केलं तं पातळी अर्धा इंच वर आली.

आता मजा ऐका. डबीखालचा तो पाइप वाकवून पाह्यला तं क्लॅम्पच्या मांगं चिराच चिरा, अन् पाइप फवारणीच्या पंपाचा! वर कंपनीचं नाव छापलेलं अजून वाचता येते. गाडी सेकंडहँड घेतली होती, कोण्या महाभागानं टाकला त्याले देव पाहो. ऑइलमधे फुगून निरा लिबलिबीत झाला.

लेथ_अन्_लोखंड (वणी)

आता चित्र साफ झालं. मले वाटते ते क्रमानं सांगतो.

फवारणीचा पाइप ऑइलसाठी नसतेच, त्याचं रबर-प्लास्टिक एटीएफमधे टिकत नाही. तो नरम पडला, चिरला, हवा ओढाले लागला. हवेचा फेस झाला का पात्याइले ऑइलचा आधार भेटत नाही, पंप घुंघावते. कुठून तरी ऑइल बेल्टवर उडलं, बेल्ट घसरून किंचाळाले लागला. किंचाळते म्हणून मिस्त्र्यानं ताणला. जास्त ताणलेला बेल्ट पंपाच्या शाफ्टले रात्रंदिवस एकाच बाजूले ओढते अन् तिथला बुश घासते. बुश ढिला झाला का शाफ्ट सीलमधे थरथरते, सीलची ओठ खाल्ली जाते. त्या सीलच्या आतली बाजू पंपाच्या ओढीच्या बाजूले जोडलेली असते, म्हणून गाडी उभी असली का तिथून ऑइल गळते अन् चालू असली का तिथूनही हवा आत. म्हणजे हवेले आता दोन दारं. अन् शाफ्ट थरथरला का नट ढिला होते, नट ढिला झाला का पुली चावीवर आदळत राहते.

म्हणजे भाऊ, तुमचा पंप मेला असन असं मले वाटत नाही. मेला का जिवंत हे पाती अन् रिंग पाहूनच ठरते. बुश, सील, पुली, पाइप ह्या चारही गोष्टी बदलता येतात. रिंगवर लाटा पडल्या असतील किंवा पात्याइच्या खाचा झिजल्या असतील, तं मात्र पुण्याचे भाऊ बरोबर, दुसरा पंप घ्या.

आता वेल्डिंग. वेल्डिंग मारताना पुली अन् शाफ्टचा तो भाग लालभडक होते, त्याच्या इंचभर मांगं रबराची सील बसलेली. ती तिथंच जळते. झाळ थंड होताना ओढते, पुली पुन्हा तिरपी. अन् यापुढं सील बदलाची म्हटली तं पुली निघतच नाही, पूर्ण पंप भंगारात. दारव्ह्याच्या भाऊची दोन सीझन चालली, त्यांचं नशीब चांगलं होतं. तुमचा बुश आधीच गेला, वेल्डिंगनं बुश थोडाच भरून येते.

काळीमाती (दारव्हा)

आमच्या गाडीत रोज ऑइल टाकाव लागे ते खरं हाय, आता कळलं काऊन.

मंद_डिझेल (पुणे)

पटलं, पण हिशोब पण बघा. लेथची मजुरी, सील किट, पुली, पाइप, ऑइल, आणि दोन दिवस गाडी बंद. त्यापेक्षा रीकंडिशन्ड पंप कुरिअरने मागवला तर?

नागपुरी_तर्री (नागपूर)

रीकंडिशनच्या नावावर बऱ्याचदा जुना पंप डिझेलनं धुवून सिल्व्हर पेंट मारलेला भेटते, म्हणून घ्यायचा असला तं समोर उभं राहून घ्या, कुरिअरनं नको. हातात घेऊन शाफ्ट फिरवा, एकसारखा फिरला पाहिजे, कुठं टोचत असन तर ठेवून द्या. बाजूनं खेळ बघा. पाइपच्या तोंडात बोट घालून पुसा, चंदेरी चकाकी बोटाले लागली तर आतून धातू खाल्ला गेला आहे, तो पंप फुकटही नको.

तिफणवाले भाऊ, तुमाले पुली लागणारच आहे. सुटी पुली जुन्या पार्टच्या दुकानात कोणी लवकर देत नाही, बिघडलेला अख्खा पंप घ्या, भंगारच्या भावात येते, पुलीसोबत नट, चावी अन् ब्रॅकेट पण भेटून जाते. फक्त तीन गोष्टी जुळल्या पाहिजे, बाहेरचा व्यास, बेल्टच्या खाचा, आणि पुली शाफ्टवर किती आत बसते ते. लहान व्यासाची लावली तर पंप जास्त जोरात फिरते, आणि बसण्यात फरक पडला तर बेल्ट तिरपा.

तिफणवाला (घाटंजी)

पंप खाली उतरवला. उतरवताना एक गोष्ट कामी आली ते लिहून ठेवतो, पुलीचा नट बेल्ट चढवलेला असतानाच सोडवला. बेल्टनं पुली धरून ठेवली, नाहीतर ती पान्यासोबत गरगर फिरते अन् मंग लोक टॉमी घालून तिलेच वाकवतात. पुली पुलर न लावताच हातात आली, एवढा गाळा मोकळा झाला होता. दाबाच्या पाइपाचा बोल्ट काढला, त्याच्या दोन्ही बाजूचे तांब्याचे वायसर फेकून देले, नवे टाकणार. सगळ्या तोंडाइले प्लास्टिकची पन्नी अन् रबर.

खोलाच्या आधी बाहेरून डिझेल अन् ब्रशनं इतका घासला का खालून काळ्या मातीचा ढीग निघाला. आमच्याकडची माती वाळली का ढेकूळ, ओली झाली का डिंक, पंपावर तिचा कोटच बसला होता. पोरीच्या जुन्या वहीचं कोरं पान घेतलं, त्याच्यावर दहाही पाती काढली तशी ओळीनं मांडली. पातीची एक धार गोल अन् एक सपाट. गोल धार चकचकीत हाय, चिरा नाही, तुकडा उडालेला नाही. रिंगच्या आतून नख फिरवलं, कुठी अडकत नाही. रोटरच्या खाचेत पाती टाकली तं सरकते, डुलत नाही.

अन् बुश, भाऊ, तुम्ही म्हटलं तसाच! एका बाजूनं पितळी रंग साफ उघडा पडला, खाल्लेला चंद्रकोरीएवढा भाग दिसते, नेमका ज्या बाजूले बेल्ट ओढते तिकडचा. समोरची बाजू अजून जशीच्या तशी. सीलची ओठ तं कातरीनं कापल्यावाणी.

आता पुढं सांगा. आमच्या इथल्या लेथवाल्याकडं ट्रॅक्टरचे बुश बनतात, स्टिअरिंग पंपाचा त्यानं कधी केला नाही, पण करतो म्हणते.

लेथ_अन्_लोखंड (वणी)

ट्रॅक्टरचा बुश करणारा हेही करीन, फक्त त्याले माप सांगा अन् घाई करू नोका म्हणा.

पहिले मायक्रोमीटरनं शाफ्ट मोजा, जिथं बुशमधे फिरते तिथं अन् जिथं कधी घासलाच नाही तिथं. दोन्ही सारखे असतील तं शाफ्ट वाचला, बारीक पॉलिश पेपर ऑइल लावून गोल फिरवा, लांबीच्या दिशेनं घासू नका. ह्या प्रकारच्या पंपात शाफ्ट अन् बुशमधली मोकळीक ०.०३ ते ०.०५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, ०.०७ च्या वर गेली का बाद. ०.०७ म्हणजे तुमच्या डोक्याच्या एका केसाची जाडी समजा. तुमचा खेळ बोटाले जाणवते म्हणजे त्याच्या कितीतरी पुढं गेला.

बुश गनमेटलचा करा. जुना बुश ठोकून काढू नका, सरळ धरून प्रेसनं काढा. नवा बसवला का दबून थोडा आवळते, म्हणून शेवटचं माप बसवल्यावर काढाचं, आधी नाही. जुन्यात ऑइलचं छिद्र किंवा चर असन तं नव्यातही तिथंच आला पाहिजे, विसरला तं नवा बुश कोरडा फिरून आठवड्यात जळते. अन् बोअर, म्हणजे बुशचं आतलं भोक, बॉडीच्या मधोमध राह्यला पाहिजे, केंद्र सरकलं का रोटर रिंगमधे तिरपा बसते अन् चांगली पाती खराब होतात. हे काम लेथवर बॉडी डायल गेज (केंद्र तपासाचं घड्याळी माप) लावून धरूनच होते, हातानं रीमर फिरवून नाही.

चावीचा गाळा शाफ्टवर कसा हाय ते पाहा. पुलीचाच खाल्ला असन अन् दुसरी पुली भेटली तं प्रश्नच मिटला, नवी चावी टाका. शाफ्टचाही थोडा मोकळा असन तं पायरीची चावी बनवून घ्या, खालून रुंद, वरून पुलीच्या मापाची.

सील बसवताना शाफ्टच्या चावीच्या खाचेवर सेलोटेपचा एक फेरा मारा, त्याच्यावरून सील सरकवा. त्या खाचेची धार ब्लेडच असते, नव्या सीलची ओठ बसवतानाच कापते अन् लोक म्हणतात सील डुप्लिकेट निघाली. पाती टाकताना गोल धार बाहेर, रिंगच्या बाजूले. उलटी टाकली तं रिंग गेली. रोटरवर खूण असन ती जशी होती तशीच.

अन् एक जागा लोक पाहतच नाहीत, दाबाच्या तोंडामांगचा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह. स्प्रिंग अन् गोल दांड्या असते. एटीएफ लावून त्याच्या घरात सोडा, स्वतःच्या वजनानं सरकत आत गेला पाहिजे. अडकत असन तं घाण हाय, धुवा. घासून धारा गोल करू नका, त्या धारेवरच ऑइल किती सोडाचं ते ठरते.

काळीमाती (दारव्हा)

दाबाचा पाइपही गळत असन तं? आमच्याकडं एकानं रेडिएटरचा पाइप कापून दोन क्लॅम्प मारले होते.

लेथ_अन्_लोखंड (वणी)

तो माणूस अजून जिवंत हाय का? दाबाच्या पाइपाले क्लॅम्प कधीच नाही. ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप दाबून देणारे दुकान वणी, यवतमाळ, पांढरकवडा सगळीकडं हाय, जुनी दोन्ही टोकं घेऊन जा, दाबाच्या मापाचा पाइप मशीननं क्रिम्प करून देतात. अन् दाबाच्या पाइपाची गळती हात फिरवून शोधू नका, केसाएवढी धार कातडीत घुसते, दवाखान्यात जावं लागते. पुठ्ठा धरा. ओढीच्या अन् परतीच्या पाइपाले साधा चालते, पण ऑइलवाला रबर पाहिजे.

आर्वीची_शिक्षिका (आर्वी)

डबी पण धुवून घ्या दादा. आत तळाला बारीक जाळी असते, ती चोंदली की चांगला पंपही उपाशी राहतो आणि घुंघावतो. माझ्या डबीत जाळीवर रबराचे काळे कण चिकटलेले होते, पाइपाच्या आतून सुटलेले. तुमचा पाइप फुगलेला म्हणता म्हणजे असणारच.

तिफणवाला (घाटंजी)

झालं एकदाचं. उशीर झाला, मधे तुरीचं काम निघालं.

शाफ्टचं माप दोन्ही जागी सारखं आलं, म्हणजे वाचला. बुश बनवून घेतला, लेथवाल्यानं पहिला बुश मोकळा झाला म्हणून स्वतःच फेकला अन् दुसरा केला, पैसे एकाचेच घेतले, माणूस चांगला हाय. छिद्र जुन्याच्या जागी पाडलं. सील किट यवतमाळले पाचशेच्या आत भेटली. पुलीसाठी नागपूरहून बिघडलेला पंप आणला, तर्री भाऊनं सांगतलं तसं पुली पुलीवर ठेवून व्यास पाह्यला, खाचा मोजल्या. ताई, जाळीवर तुम्ही सांगतल्यासारखेच काळे कण होते, भांडं घासाच्या ब्रशनं काढले.

बसवल्यावर लाइन पाहाले गवंड्याचा दोरा वापरला. क्रँकच्या पुलीच्या कडेले धरला अन् ताणून पंपाच्या पुलीवर आणला, दोन्ही पुल्याइच्या दोन्ही कडाइले दोरा टेकला पाहिजे. पहिल्यांदा पंपाकडं फट दिसली, ब्रॅकेटच्या मांगं एक वायसर चुकून दुसऱ्या बोल्टले गेला होता, तो परत आणला तं बरोबर आलं. बेल्ट नवा टाकला अन् मधोमध अंगठ्यानं दाबला तं सेंटिमीटरभर दबते तेवढाच ताण ठेवला. आता कोण्या मिस्त्र्यानं त्याले हात लावला तं हात तोडीन.

जुनं ऑइल काढाले परतीचा पाइप डबीतून सोडून बाटलीत सोडला, डबीच्या तोंडाले बूच, पुढची चाकं गुटक्यावर उचलली, पोरगं स्टिअरिंगवर बसवलं. इंजिन बंद ठेवूनच ते इकडून तिकडं फिरवे अन् मी वरून नवं एटीएफ टाकत गेलो. खालून पहिले काळं, मंग तपकिरी, मंग लाल यायला लागलं तेव्हा थांबवलं. पाइप जोडून पुन्हा लॉक ते लॉक, बुडबुडे येणं बंद होईपर्यंत. मंग इंजिन चालू करून आइडलवर तेच, पण लॉकले टेकवून धरलं नाही, टेकलं का लगेच परत.

पहिल्या दिवशी थोडा आवाज होता, मी घाबरलो, रात्रभर उभी ठेवली तं फेस बसला, सकाळी अर्धा इंच ऑइल टाकलं. आता आवाज नाही, उभ्या गाडीत एका हातानं फिरते. एकदम थंड सकाळी चालू केल्या केल्या दोन-तीन सेकंद बारीक कुरकुर करते, मंग गप.

लेथ_अन्_लोखंड (वणी)

ती कुरकुर थंड जाड ऑइलची, सोडून द्या. पहिले काही दिवस पुलीचा नट एकदा पुन्हा टाइट करून पाहा, अन् नवा बेल्ट थोडा ढिला होते तो तपासा.

पुसदचा_प्रवासी (पुसद)

वाचून माझ्या गाडीचा पंप काढायचा विचार करतोय, पण माझ्या पुलीला मधोमध नटच नाही, नुसतं भोक दिसतं. बेल्टही एकच लांब, सगळ्यांवरून फिरणारा.

लेथ_अन्_लोखंड (वणी)

ती प्रेसफिट पुली. तिले तीन पायाचा पुलर लावू नका, पत्र्याची कड वाकते. ह्या पुलीच्या मानेले कंगोरा असते, तिथं धरणारा वेगळा पुलर येते, अन् बसवाचं टूल शाफ्टच्या मधल्या आट्यात बोल्ट घालून ओढून बसवते. हातोडीनं ठोकून बसवली तं तो मार शाफ्टवरून सरळ आत रोटरले बसते. काढाच्या आधी शाफ्टचं टोक पुलीच्या तोंडापासून किती आत-बाहेर हाय ते मोजून लिहून ठेवा, बसवताना तेवढंच. अन् तुमच्या बेल्टवर वॉटर पंपही असन, म्हणून बेल्ट काढून गाडी चालवून पाहाचा प्रयोग तुम्ही फार तं काही सेकंद करा, जास्त नाही, इंजिन तापते.

मंद_डिझेल (पुणे)

लेथवाले काका, मानलं तुम्हाला. एक शंका, एटीएफच का? माझ्या शेजाऱ्याच्या गाडीच्या झाकणावर दुसरंच लिहिलंय, हिरवं ऑइल आहे.

आर्वीची_शिक्षिका (आर्वी)

झाकणावर जे लिहिलंय तेच टाकायचं. काही युरोपियन गाड्यांना हिरवं हायड्रॉलिक ऑइल लागतं, त्यात लाल एटीएफ मिसळायचं नाही. आणि घरात उरलेलं ब्रेक ऑइल तर कधीच नाही, त्याने ह्या सिस्टिमची रबरं फुगून खराब होतात, मग पंप, पाइप, खालचं युनिट सगळ्यांच्या सील एकदम बदलाव्या लागतात.

तिफणवाला (घाटंजी)

ताई, पातळी थंड गाडीत पाहाची का गरम?

आर्वीची_शिक्षिका (आर्वी)

डबीवर किंवा झाकणाच्या काडीवर दोन खुणा असतात दादा, थंडची वेगळी, गरमची वेगळी. गाडी फिरवून आणली असेल तर गरमच्या खुणेला धरा. थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरलं तर ते तापल्यावर झाकणातून बाहेर येतं, आणि तुमच्या नव्या बेल्टवरच पडेल.

तिफणवाला (घाटंजी)

मंग उद्या थोडं काढून घेतो, मी थंडीत वरच्या खुणेपर्यंत भरलं. सिरिंज गोठ्यात हाय.